दाराबाहेरची सनई

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्या दारात आकाशकंदील लागलेला असेल, चकलीचा पहिला घाणा नेहमीप्रमाणे मऊ पडल्याबद्दल घरात थोडी कुरबूर झालेली असेल, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे लावायची सनई कुणीतरी मोबाइलमध्ये आधीच शोधून ठेवली असेल. आमच्या घरी हे शेवटचे काम सौभाग्यवतींकडे आहे. माझ्या लहानपणी ते काम आकाशवाणीकडे होते. मध्यंतरी काही वर्षे कॅसेटकडे होते. यंत्रे बदलली, पण उटणे, मोती साबण आणि सनई ही त्रयी काही फुटली नाही. सनई वाजल्याशिवाय दिवाळी उजाडली असे आम्हा मराठी माणसांना वाटतच नाही.

गेल्या दिवाळीत मात्र पहाटे सनई सुरू झाली आणि मी न्हाणीघरातून ओरडलो, "अगं, जरा हळू कर ते!"

"आता सनईसुद्धा नकोशी झाली का?" सौभाग्यवतींनी बाहेरून विचारले.

मी उत्तर दिले नाही. पहाटेच्या वेळी अंगाला तेल लावलेल्या माणसाने कबुलीजबाब देत बसणे बरे दिसत नाही. तो कबुलीजबाब आज तुमच्यापुढे देतो.

मी मेढ्यात राहतो. साताऱ्याहून वेण्णा नदीच्या कडेकडेने वर आले की मेढा लागतो आणि पुढे केळघरचा घाट चढून गेले की महाबळेश्वर. जावळीच्या मोऱ्यांमुळे या मुलखाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. पण महाबळेश्वरला निघालेले लोक मेढ्याला चहापुरतेच थांबतात. तालुक्याचे ठाणे, बाजारपेठ, कचेरी, भोवती भाताची खाचरे आणि चार महिने न थांबणारा पाऊस. इथल्या परिसरातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. आमच्या वर्गात वाडीवस्तीवरून चालत येणारी मुले असतात, आणि मराठीच्या प्राध्यापकाला आपल्या विनोदबुद्धीचा जो अभिमान असतो तो मलाही आहे.

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसत असे. अक्षर सुरेख. निबंध लिहायला सांगितला की चार ओळी जास्तच लिहिणारा. पण तुळशीचे लग्न झाले की गडी जो गायब होई तो अधूनमधून तोंड दाखवायला येई. आठवड्यातले दोन दिवस हजर, चार दिवस गैरहजर. एकदा हजेरी घेताना त्याचे नाव आले आणि मी चष्म्यावरून पाहत म्हणालो, "या, या! काय हो, दर आठवड्याला लग्न तुमचेच असते की काय?"

वर्ग खो खो हसला. तोही हसला. त्याचे ते हसणे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

नियमाप्रमाणे पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. वर्षअखेरीस हजेरी कमी पडलेल्यांची यादी झाली, तिच्यावर विषयाचे प्राध्यापक म्हणून माझीही सही झाली. त्या मुलाला परीक्षेला बसता आले नाही. पुढल्या जूनमध्ये तो आला नाही, आणि खरे सांगायचे तर तो आला नाही हे माझ्या ध्यानातही आले नाही.

दोन वर्षांनी साताऱ्याला एका स्नेह्याच्या मुलीचे लग्न होते. मंगल कार्यालयाच्या दारात लाल जाजमावर वाजंत्री बसले होते. म्हातारा सनई वाजवीत होता, संबळावर एक पोरगेलासा इसम होता, आणि म्हाताऱ्याच्या शेजारी बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर अखंड धरून होता तो आमचा शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी. मला पाहताच त्याने डोळ्यांनी नमस्कार केला. सूर सोडता येत नव्हता ना! सनईच्या जोडीत सूर धरणाऱ्याला ओठ हलवायची मुभा नसते.

अक्षता पडल्या. "वाजवा रे वाजवा" अशी हाळी झाली आणि सनई घुमली. मग आम्ही पहिल्या पंगतीला बसलो. जिलबी गरम होती. दुसरी पंगत उठली, तिसरी उठली. दुपारी तीन वाजता पान खात बाहेर आलो तर मागच्या अंगाला, जनरेटर धडधडत होता त्याच्या पलीकडे, वाजंत्री मंडळी कागदी ताटल्या घेऊन जेवत होती. यजमान वाईट माणूस मुळीच नव्हे. आल्यागेल्याची त्याने हात जोडून विचारपूस केली होती. वाजंत्र्यांना कुणी मुद्दाम मागे ठेवले नव्हते; त्यांची कुणाला आठवणच झाली नव्हती.

मुलगा हात धुऊन आला. मी विचारले, "अरे, हजेरीचे कारण तेव्हा सांगितले का नाहीस?"

"काय सांगणार, सर? वाजवायला जातो म्हणून?"

त्या प्रश्नाला उत्तर मला आजही देता आलेले नाही. ज्या वर्गात मी ज्ञानदेव आणि तुकाराम शिकवतो, त्या वर्गात एका मुलाला आपल्या घरची कला सांगायची लाज वाटावी, आणि ती लाज माझ्या एका विनोदाने पक्की व्हावी! मी तसाच घरी आलो.

अपराधी वाटले की शिक्षक माणूस पुस्तकाकडे पळतो. मीही पळालो. साहित्यशास्त्राच्या तासाला भरताचे रससूत्र मी कितीतरी वर्षे शिकवीत आलो आहे. पण नाट्यशास्त्रात त्याच भरताने वाद्यांविषयी जे लिहिले आहे ती पाने माझ्या प्रतीत कोरीच्या कोरी होती. भरताने वाद्यांचे चार वर्ग केले: तारांची ती तत, चामड्याने मढवलेली ती अवनद्ध, टाळ-झांजांसारखी ती घन, आणि फुंकून वाजवायची ती सुषिर. सनई ही सुषिर वाद्यांपैकी. या चार शब्दांचा माग काढीत गेलो तो थेट बेल्जममध्ये, ब्रुसेल्स शहरी जाऊन पोहोचलो.

झाले असे. कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर हे संगीताचे मोठे व्यासंगी. त्यांनी १८७६ साली बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला सुमारे शंभर हिंदुस्थानी वाद्ये भेट पाठवली. राजाने ती ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयाला दिली, आणि ती वाद्ये व विद्यालयाच्या जुन्या संचालकाचा संग्रह मिळून १८७७ साली तिथे वाद्यांचे संग्रहालय उभे राहिले. त्याचा पहिला व्यवस्थापक व्हिक्टर माहियों हा वाद्ये बनवणाऱ्या घराण्यातला. त्याने १८८० पासून संग्रहाची सूची छापायला घेतली तेव्हा जगभरच्या वाद्यांचे चारच वर्ग केले, आणि ते भरताच्या चार वर्गांना जुळते होते. पुढे १९१४ साली दोघा पंडितांनी याच पायावर जी मांडणी केली ती आज जगभर चालते. म्हणजे आमची सनई ब्रुसेल्सच्या पंडितांना आपल्या कपाटात कुठे ठेवायची ते नीट कळले होते. आम्हाला मात्र सनईवाल्याला कुठे बसवायचे ते अजून कळलेले नाही.

त्या कपाटात सनईच्या शेजारी जे युरोपी वाद्य शोभेल त्याचे नाव ओबो. नात्याने ही सनईची चुलतबहीणच म्हणायची. दोन्हींच्या तोंडाशी गवती बोरूच्या दोन पातळ पात्या एकमेकींवर बांधलेल्या असतात. फुंकर गेली की त्या दोघी थरथरतात आणि सूर उमटतो. दोन्हींची नळी तोंडाशी निमुळती आणि खाली रुंदावत गेलेली. पूर्वेकडच्या अशा वाद्यांचे भाऊबंद मध्ययुगात युरोपात गेले. तिथेही ती आधी रस्त्यावर, वेशीवर, मिरवणुकीत वाजत. पुढे सतराव्या शतकात फ्रान्समधल्या कारागिरांनी त्यातून ओबो घडवला. त्याच्या मूळ फ्रेंच नावाचा अर्थ 'उंच आवाजाचे लाकूड' असा काहीसा आहे. त्याचा आवाज सौम्य झाला, त्याला धातूच्या कळा बसल्या, आणि तो दाराबाहेरून दिवाणखान्यात आला. आज कुठल्याही मोठ्या वाद्यवृंदाची बैठक सुरू होण्यापूर्वी ओबोवाला एक सूर देतो आणि बाकीची सारी वाद्ये त्या सुराला आपापली वाद्ये मिळवतात. शुभारंभाचा मान दोघी बहिणींकडे आहे. पण एकीला तो खुर्चीवर बसून मिळतो आणि दुसरीला दाराबाहेर जाजमावर.

हा फरक कशाने पडला? मला वाटते, शाळेने पडला.

बेल्जम हा देश १८३० साली स्वतंत्र झाला. त्या क्रांतीची ठिणगी ब्रुसेल्सच्या 'ला मोने' या नाट्यगृहात एका संगीतिकेच्या प्रयोगाच्या रात्री पडली, असे इतिहास सांगतो. नव्या राष्ट्राने दोन वर्षांत, १८३२ साली, ब्रुसेल्सला संगीत विद्यालय काढले आणि फेतिस नावाचा मोठा संगीत-इतिहासकार १८३३ मध्ये त्याचा संचालक झाला. राज्यकारभाराची घडी अजून बसायची होती, आणि इकडे ओबो कसा शिकवायचा याची चर्चा चालू होती! त्या विद्यालयात वाद्य शिकायला येणारा विद्यार्थी कुणाचा मुलगा आहे याला महत्त्व नसे. आधी स्वरवाचन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर पाहून गाणे, मग वाद्य, मग स्वरांची जुळणी कशी करावी, एका चालीवर दुसरी चाल कशी चढवावी याचे शास्त्र. ओबोवाल्याला आपल्या पात्या चाकूने तासून स्वतः बनवायला शिकावे लागते. वर्षअखेरीस परीक्षकांपुढे वाजवायचे आणि 'पहिला पुरस्कार' मिळवायचा. तो मिळाला की लष्करी बँड, नाट्यगृहाचा वाद्यवृंद, अध्यापन असे उपजीविकेचे तीन-चार रस्ते उघडत.

असा मनुष्य पुढे कुठवर जातो? गियोम गिदे नावाचा एक ओबोवादक होता. ब्रुसेल्सच्या विद्यालयात तो ओबो शिकवीत असे. १९०० साली ज्या 'ला मोने' नाट्यगृहातून त्याच्या देशाची क्रांती सुरू झाली, त्याच नाट्यगृहाच्या दोन संचालकांपैकी एक म्हणून तो खुर्चीवर बसला. आपल्याकडे एखादा सनईवाला मोठ्या नाट्यमंदिराचा प्रमुख झाला, अशी नुसती कल्पना करून पाहा. आणि जो स्वरांची जुळणी शिकला, ज्याला सूर लिहिता येतात, तो ओबोवादक स्वतःच्या रचना करू लागला तर त्याचे तिकडे कुणाला नवल वाटत नाही. वादक हाच रचनाकार. कागदावर त्याचे नाव राहते, आणि त्याच्या पश्चात ती रचना दुसरा कुणी वाजवू शकतो.

यावर कुणी म्हणेल, "प्राध्यापक, ब्रुसेल्स राहू द्या, इथले बोला." इथलेच बोलतो. अशी शाळा आपल्याकडे काढण्याचा ध्यास आमच्या कृष्णाकाठच्या माणसाने घेतला होता.

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ उडून त्यांचे डोळे अधू झाले. (दिवाळीच्या अंकात हे मुद्दाम लिहितो, मुलांना फटाके देताना आठवण ठेवा.) शाळेचे शिक्षण संपले, आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याचे शिक्षण सुरू झाले. मिरजेची एक गोष्ट त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. एका समारंभाचे निमंत्रण विष्णुबुवांना आले. त्यांच्यावर संस्थानिकांची मर्जी होती. पण त्यांच्या गुरूंना आले नाही. का? तर ते गवई! ज्याच्या गळ्यावर दरबार डोलतो त्याला बोलावण्याइतका तो 'प्रतिष्ठित' नाही, ही गोष्ट शिष्याच्या मनाला लागली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. औंध, सातारा करीत ते बडोद्याकडे आणि पुढे उत्तरेत गेले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले ते कुणा राजाच्या आश्रयावर नव्हे, लोकवर्गणीवर. १९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली. पुढे कर्ज झाले, मुंबईची इमारतही हातची गेली. पण शाळेतून पडलेली माणसे टिकली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही त्यांच्या शिष्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. मिरजेचेच बी. आर. देवधर यांना तर बुवांनी पाश्चात्त्य संगीतही शिकायला लावले. त्याच देवधरांनी १९२५ साली मुंबईत स्वतःची संगीतशाळा काढली, १९३३ साली ते इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या संगीत परिषदेला जाऊन आले, आणि त्यांच्याच शाळेत कुमार गंधर्व घडले. १९३१ साली पलुसकर मिरजेला निवर्तले तेव्हा 'गवई' हा शब्द उच्चारताना लोकांचा स्वर बदललेला होता. घराघरांत पेटी आली होती, चांगल्या घरच्या मुली गाऊ लागल्या होत्या.

पण ही पालखी सनईच्या दारावरून तशीच पुढे गेली.

का गेली, हे उघड बोलायला आपण कचरतो. गायन एका पिढीत सर्व थरांत पसरले. सनई मात्र गावगाड्यात जन्माने वाटून दिलेले काम राहिली. कुठे गुरव, कुठे न्हावी, कुठे होलार, कुठे मातंग. ज्याच्या वाट्याला ती आली त्याने ती वाजवावी, बाकीच्यांनी ऐकावी. सनई मंगल, सनईवाला मात्र मंडपाबाहेर. तोंडाने फुंकायचे वाद्य ते उष्टे, असेही जुने लोक म्हणत. मग श्रीकृष्णाची बासरी काय कानाने वाजवतात? पण हा प्रश्न मंडपात कुणी विचारला नाही. अशा स्थितीत सनईवाल्याचा मुलगा शिकायला निघाला म्हणजे तो सनई सोडूनच निघतो, आणि सनई धरून राहिला म्हणजे शाळा सुटते. ब्रुसेल्सच्या मुलाला जे शिकल्याने वाद्य मिळते, ते आमच्या मुलाला शिकल्याने सोडावे लागते.

अपवाद झाले नाहीत असे नाही. बिस्मिल्ला खाँसाहेब १९१६ साली डुमरावला जन्मले. त्यांनी शिक्षण घेतले ते काशीला, आपल्या मामांच्या पायाशी बसून. १९३७ साली कलकत्त्याच्या संगीत परिषदेत त्यांनी सनई मैफलीच्या बैठकीवर नेली, आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९५९ च्या 'गूंज उठी शहनाई' या चित्रपटात आमच्या वसंत देसाईंनी त्यांची सनई साऱ्या देशाला ऐकवली. महाराष्ट्रात पुण्याच्या शंकरराव गायकवाडांच्या सनईच्या तबकड्या एके काळी घरोघर वाजत. अक्कलकोट संस्थानच्या आश्रयाने सनईची धाकटी बहीण 'सुंदरी' नावारूपाला आली, आणि सोलापूरच्या जाधव घराण्याने, विशेषतः सिद्धराम जाधवांनी, ते इवलेसे वाद्य मैफलीत मिरवले.

वादक आणि रचनाकार एकाच देहात असण्याचेही उदाहरण आहे. रामलाल नावाचे सनईवादक मुंबईच्या चित्रसृष्टीत इतरांच्या वाद्यवृंदात वाजवीत असत. व्ही. शांतारामांनी हा गुण हेरला आणि १९६३ चा 'सेहरा' आणि १९६४ चा 'गीत गाया पत्थरों ने' या दोन चित्रपटांचे संगीत त्यांच्याकडे दिले. दुसऱ्याचे शीर्षकगीत किशोरीताई आमोणकरांनी गायिले. गाणी आजही लोकांच्या ओठांवर आहेत. पण त्यानंतर रामलाल यांच्या वाट्याला फारसे चित्रपट आले नाहीत, आणि ती गाणी गुणगुणणाऱ्या दहा जणांना संगीतकाराचे नाव विचाराल तर नऊ जण भलतेच नाव सांगतील. एखादा शांताराम भेटणे हे नशीब झाले. नशिबाची वाट पाहावी लागू नये म्हणून तर शाळा असते.

एवढे वाचून झाल्यावर पुस्तक मिटले आणि यंदाच्या पावसाळ्यानंतर, ज्याच्याकडे दोन वर्षांपूर्वीच जायला हवे होते त्या मुलाच्या घरी गेलो. वाडी रस्त्यापासून आत आहे. म्हातारा ओसरीवर बसून पत्ती बांधीत होता. दोन पात्या, मधे बारीक तार, वरून दोऱ्याचे वेढे. सनईला दोऱ्याने बांधून चार पत्त्या लोंबत होत्या आणि एक सुई. "हवा बदलली की पत्ती रुसती," म्हातारा म्हणाला. "पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात दुसरी." हेच तर ब्रुसेल्सचे विद्यार्थी वर्गात शिकतात!

"पोराला शिकवले कसे?" मी विचारले.

"पैलं वरीस सनईला हातच न्हाई लावू दिला. वाटीत पाणी घ्यायचं, पपईच्या देठाची नळी घ्यायची आन् फुंकायचं. बुडबुडं थांबलं न्हाई पायजेत. श्वास नाकानं घ्यायचा, गालातली हवा सोडत ऱ्हायची. बुडबुडं थांबलं की पुन्हा पैल्यापासनं."

परीक्षा याहून कडक कुठे असते? मग पहाटेच्या चाली, हळदीच्या, वरातीच्या, देवळातल्या पालखीच्या. कोणत्या वेळी काय वाजवायचे आणि काय वाजवायचे नाही. सात-आठ वर्षांचा अभ्यासक्रम. मी मनातल्या मनात हिशेब केला, आमची पदवी तीन वर्षांत मिळते.

म्हाताऱ्याने मला एक चाल वाजवून दाखवली. मुलगी सासरी निघते तेव्हाची. साधीच, पण एका ठिकाणी ती अशी वळते की मागे वळून पाहिल्यासारखे वाटते. "ही कुणाची चाल, बाबा?"

"आमचीच की. थोरलीच्या लग्नात सुचली. दुसरा वाजवणारा आणायला पैसं कुठं हुतं? मीच वाजवलं."

"लेकीच्या पाठवणीला तुम्हीच?"

"तर काय! पर रडायचं न्हाई. रडलं की दम मोडतो."

मी थोडा वेळ काही बोललो नाही. मग विचारले, "ही कुठे लिहून ठेवली आहे का?"

म्हातारा हसला. मुलगा म्हणाला, "कशी लिहायची, सर?"

पलुसकरांनी स्वरलिपी केली, भातखंड्यांनी स्वरलिपी केली, शेकडो चिजा छापून निघाल्या. आमच्या तालुक्यातल्या एका रचनाकाराची रचना मात्र त्याच्या श्वासाबरोबर जाणार होती. साताऱ्याच्या माझ्या एका संगीतशिक्षक मित्राला घेऊन मी पुन्हा दोनदा गेलो. त्याने ऐकून ऐकून ती चाल सा रे ग म मध्ये उतरवून घेतली. मींड कागदावर पुरती येत नाही, हेही त्याने कबूल केले. सनईची भोके बोटाने अर्धीमुर्धी उघडून जो सूर घसरवतात त्याला आमच्या लिपीत फक्त एक कमान काढता येते. तरी चाल उतरली. वर शीर्षक घालायचे ठरले. मित्राने विचारले, "रचनाकार कोण म्हणून लिहू?" मुलाने वडिलांचे संपूर्ण नाव सांगितले, आणि ते कागदावर आले. म्हाताऱ्याने तो कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि आत देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

मुलाने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातले आहे. तिथे रोजच्या हजेरीचा काच नाही. लग्नसराईत वाजवील, पावसाळ्यात वाचील. स्वरलिपीही शिकतो आहे. आजोबांच्या म्हणून ज्या चाली वडिलांना येतात त्या सगळ्या लिहून काढायच्या, असे त्याने ठरवले आहे. त्याने माझ्यावर राग धरलेला नाही. तो धरला असता तर मला जरा बरे वाटले असते.

वाचकहो, उपदेश हा प्राध्यापकाचा व्यवसाय, पण आज थोडक्यात करतो. दिवाळी झाली की तुळशीचे लग्न, आणि मग तुमच्याआमच्या घरची लग्ने. ज्यांना परवडेल त्यांनी यंदा मोबाइलऐवजी माणसाची सनई बोलवावी. बोलावली तर त्या माणसाचे नाव विचारावे. आचाऱ्यांचे, फोटो काढणाऱ्याचे नाव आपल्याला पाठ असते, सनईवाल्याचे नसते. आणि त्याला पंगतीला वेळेवर बसवावे. अक्षता पडल्यावर सनईचे काम तासभर थांबते. त्या तासाभरात पहिली पंगत होऊ शकते. एवढे करायला ना ब्रुसेल्सला जायला लागते ना लाहोरला.

पाडव्याच्या पहाटे आमच्याकडे बापलेक वाजवायला येणार आहेत. सौभाग्यवतींनी बाहेरच्या खोलीत सतरंजी घालायचे ठरवले आहे. फराळ आधी, वाजवणे मग. म्हाताऱ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आत कशाला, सर? सनई दारातच बरी वाटती." सनईपुरते ते खरेही आहे. भिंतींमध्ये तिचा आवाज कोंडतो. पण त्याला तेवढेच म्हणायचे होते की आणखी काही, हे मला ठरवता आले नाही. मुलगा मध्येच म्हणाला, "बघू, सर. मी सांगतो त्यांना."

सतरंजी तर घालून ठेवतो आहोत.